गुडघ्याला पट्टा लावून इमॅजिका: सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

खो-खोच्या मैदानावर मुलींना एकेरी साखळीत कसं वळायचं ते करून दाखवताना माझा उजवा गुडघा गेला. पाऊल मातीत रोवलेलं, कंबर पुढे फिरलेली आणि दोन्हींच्या मध्ये गुडघा. मिरजेत एमआरआय झाला. आतली गादी, म्हणजे दोन हाडांमधली मऊ चकती, फाटलीय, ऑपरेशन आत्ता नको, व्यायाम करा, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, पाय रोवून वळू नका, असं ऑर्थोंनी सांगितलं. मी क्रीडाशिक्षिका. दिवसभर ‘वळ, वळ’ म्हणून ओरडणाऱ्या बाईला वळायची बंदी. असो.

त्यातच भावाने पोरांना खोपोलीजवळच्या इमॅजिका या राइडच्या पार्कचा शब्द देऊन ठेवला होता आणि पोरं आत्याशिवाय जायला तयार नव्हती. भाऊ म्हणाला, “अक्का, तू नुसती बस एका जागी. आम्ही आहोत की.” एका जागी बसायला खोपोलीपर्यंत कशाला जायचं, घरी दिवाण आहे. म्हणून नीट तयारी करून गेले, फिरले, निवडक राइडमध्ये बसलेही आणि परत येऊन शाळेत हजर झाले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, भिशीत, फिजिओच्या दारात कुणी ना कुणी विचारतंच, “कसं जमवलं ओ मॅडम?” ते इथे सविस्तर लिहिते. सातारा, कोल्हापूरकडच्यांनाही रस्ता थोडाफार तोच.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, कुठल्या राइडमध्ये बसलात? मला तो प्रश्न नंतरचा वाटतो. राइड दोन-तीन मिनिटांत संपते. तिच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, रांगेच्या शेवटी बऱ्याचदा जिना असतो, उतरल्यावर दुसऱ्या बाजूने आणखी एक जिना, आणि पोरांना हवी असलेली पुढची राइड नेमकी पार्कच्या दुसऱ्या टोकाला. गुडघा खर्ची पडतो तो इथे. साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना चढताना तिप्पट आणि उतरताना त्याहूनही जास्त. ६२ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर उतरताना पायरीगणिक दोन क्विंटलच्या वर भार, म्हणजे साखरेची चार पोती. म्हणून राइडची यादी बाजूला ठेवा आणि आधी पायऱ्यांचा, रांगांचा आणि बाकांचा हिशेब करा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

जायचं की नाही

डॉक्टरांना ‘जाऊ का?’ असं विचारलं की ते ‘जपून जा’ म्हणतात आणि आपण काहीच न कळता बाहेर येतो. त्यांना नेमकं विचारा. सलग किती वेळ उभी राहू शकते? दिवसात किती जिने चालतील? पाय अधांतरी लोंबत असताना झटके बसले तर चालेल का? पट्टा दिवसभर घालू की फक्त चालताना? दुखलंच तर कुठली गोळी, किती, आणि माझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालते का? माझ्या ऑर्थोंनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून दिली. भावाशी वाद घालताना तो कागद फार उपयोगी पडतो.

काही बाबतीत मात्र ‘जाऊ का?’ हा प्रश्नच नको, तारीखच पुढे ढकला. गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना अचानक दगा देतो, सुजून टम्म झालाय, प्लॅस्टर आहे, टाके ओले आहेत, यातलं एक जरी असलं तरी थांबा. लिगामेंटचं, म्हणजे हाडं एकत्र बांधून ठेवणाऱ्या दोरीचं, ऑपरेशन झालेल्यांनी तर जास्तच. पहिल्या काही महिन्यांत वरून पाय चांगला वाटायला लागतो, पण आत बसवलेला लिगामेंट अजून कच्चा असतो. बरं वाटतंय हा तिथे पुरावा नाही.

ज्यांना परवानगी मिळाली त्यांनी आठ-दहा दिवस आधी घरच्या गावात रंगीत तालीम करावी. मी आठवडी बाजार निवडला. दोन तास फिरायचं, भाजीच्या ढिगापुढे उभं राहायचं, भाव करायचा, गर्दीत बाजूला सरकायचं आणि वाटेत कृष्णेच्या घाटाच्या थोड्या पायऱ्या उतरून चढायच्या. संध्याकाळी काय दुखतं ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघा. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दुखऱ्या गुडघ्यात भरून आलेले दिसले, म्हणजे सूज आलीय. मग इमॅजिकाचा अख्खा दिवस त्याला झेपणार नाही. खळगे होते तसेच दिसले तर पुढचं वाचा.

तारीख

इथे माझ्या नोकरीचा उपयोग होतो. लोक म्हणतात, शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा. बरोबर आहे, पण डिसेंबर-जानेवारीत मधला वार म्हणजे शाळांच्या सहली. मंगळवारी सकाळी निवांत असेल म्हणून जावं तर फाटकाशी लाल एसट्यांची रांग, आणि एका टोपीतली चाळीस-चाळीस पोरं आरोळ्या देत धावताहेत. त्या लोंढ्यात काठी घेतलेल्या माणसाला धक्का लागणारच. दिवाळी, नाताळ, मे तर बोलायलाच नको. फेब्रुवारीत सहली संपलेल्या असतात, दहावी-बारावीवाल्यांची घरं बोर्डाच्या परीक्षेत अडकलेली असतात आणि हवाही बरी असते. मार्चनंतर खोपोलीला घाटाखालचा दमटपणा सुरू होतो, पट्ट्याच्या आत घामाने पुरळ येतं. पावसाळ्यात तिकडे आपल्या सांगलीसारखा नाही, घाटाच्या पायथ्याचा पाऊस असतो. फरशी ओली, आणि ओली फरशी दुखऱ्या गुडघ्याची वैरीण.

तीनशे किलोमीटर

सांगलीपासून खोपोली तीनशे किलोमीटरच्या घरात. पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, पुण्याचा बायपास आणि मग एक्स्प्रेस वे. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. पहाटे तीनला निघून, दिवसभर फिरून, रात्रीच परत फिरायचं हा आपल्याकडचा लाडका बेत गुडघेवाल्यांनी मोडून काढावा. आदल्या दिवशी निघा, लोणावळ्याला किंवा खोपोलीला मुक्काम करा. मुक्कामाचा खर्च होतो, पण सहा-सात तास वाकवून ठेवलेला गुडघा घेऊन थेट फाटकावर उतरलात, तर तिकिटाचे पैसे तसेही वाया जातात.

गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून घ्या. बसताना आधी पाठ सीटकडे करून बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. एक पाय आत टाकून त्यावर गिरकी घेत बसायची आपली सवय असते ना, नेमकी तीच फाटलेल्या गादीला नको. पाय डॅशबोर्डवर ठेवून ताणायचा मोह होईल, तो आवरा. धडक बसून एअरबॅग उघडली तर गुडघा थेट छातीवर येतो. मागच्या सीटवर आडवं पसरायचं तर सीट बेल्ट लागत नाही, म्हणून तेही नको.

दर तास-दीड तासाला उतरायचं. कराड, सातारा आणि शिरवळ हे थांबे आधीच ठरवून टाका, कारण भाऊ लोकांना ‘अजून थोडं पुढं जाऊ की’ ही खोड असते. उतरून दोन-चार मिनिटं चाला. गाडीत असताना पावलं वर-खाली हलवत राहा, जशी शिलाई मशीन चालवतो तशी. तासन् तास बसून पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पाय दुखावलेल्यांना तो धोका जास्त असतो. एक्स्प्रेस वेला लागल्यावर फूडमॉलशिवाय कुठे थांबता येत नाही, म्हणून पुणं सोडण्याआधी एकदा पाय मोकळे करा. गाडी स्वतः चालवायचा विचार तर करूच नका. उजवा गुडघा ब्रेकचा आणि डावा क्लचचा.

ज्यांना रस्ता नको त्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. रात्री सांगली-मिरजेहून निघते, पहाटे पुण्याला सोडते, आणि लोअर बर्थवर पाय सरळ करून झोपता येतं. पुढे पुण्याहून टॅक्सी. फक्त डब्याच्या पायऱ्या उंच असतात, चढायला-उतरायला हात देणारं माणूस हवं.

आता जरा वेळ ज्या विषयावर घालवते त्याबद्दल कुणी लिहीत नाही, पण बायका एकमेकींना हळूच विचारतात. संडास. गुडघ्याची गादी फाटलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही, म्हणजे हायवेवरच्या निम्म्या ठिकाणी त्याची सोय नाही. आम्ही थांबलेल्या एका ढाब्यावर कमोड होता, पण त्याच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि कमोडपुढे पाण्याचं पिंप असं ठेवलेलं की पाय पुढे सरळ करायला जागाच नाही. वहिनी बाहेर दार धरून उभी, मी आत एका हाताने पिंप ढकलतेय. म्हणून सांगते, थांबा निवडताना चहा कसा आहे ते नका बघू. जरा मोठं हॉटेल किंवा मोठा पेट्रोल पंप निवडा, आणि गाडी लावल्याबरोबर बरोबरच्या एकाला आधी आत बघून यायला पाठवा: कमोड आहे का, फरशी कोरडी आहे का, धरायला काही आहे का. या भीतीने पाणी पिणं मात्र बंद करू नका. बायका सर्रास तेच करतात आणि दुपारी चक्कर येऊन बसतात.

अंगावर काय, पिशवीत काय

बूट नाडीचे, तळ चांगला असलेले, वापरून सैल झालेले. चप्पल, सँडल, नवे बूट, तिन्ही नकोत. पट्टा ज्याच्यावर लावायचा तो कपडा सैल आणि सुती असावा. मी सैल पायजम्यासारखी सलवार घातली, कारण पट्टा सोडून दहा मिनिटं हवा द्यायची तर बाकावरच करता आलं पाहिजे, दर वेळी आडोसा कुठे शोधणार. पट्ट्याच्या आत पातळ सुती मोजा घातला की कातडी सोलत नाही.

पिशवीत जास्तीचे मोजे, क्रेप बँडेज, डॉक्टरांचा कागद, रोजच्या गोळ्या आणि एक झिपची प्लॅस्टिक पिशवी. ही पिशवी बर्फासाठी. खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर सरबतवाल्याकडे बर्फ असतोच, ‘गुडघ्याला लावायचाय’ म्हटलं की देतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे भडंगाचा डबा गाडीतच ठेवावा लागला, पण औषधांबद्दल तपासणीच्या वेळी आपणहून सांगितलं की कुणी अडवत नाही.

दुखायच्या आधीच सकाळी गोळी घेऊन ठेवायची, म्हणजे दिवस निभावतो, असा एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मला आमच्या शेजारच्या काकांनी दिला. ऐकू नका. गोळीने दुखणं दबतं, गादी शिवली जात नाही. थांबायची वेळ झाली हे सांगणारं दुखणंच गप्प केलं तर तुम्ही थांबणार कधी? गोळी संध्याकाळी, जेवल्यावर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलीच.

फाटकाच्या आत

व्हीलचेअर घ्या. हे मी ठामपणे सांगते, चालता येत असलं तरीही. आदल्या आठवड्यात पार्कला फोन करून चेअर मिळते का, अनामत किती, कुठल्या राइडपर्यंत ती नेता येते, रांगेत उभं राहता येत नसेल तर वेगळी सोय आहे का, हे सगळं विचारून ठेवा. रांग टाळायचं जास्त पैशांचं तिकीटही मिळतं. एरवी मी त्याला चैन म्हटलं असतं, पण अर्ध्या तासाच्या उभं राहण्याला गुडघा काय किंमत लावतो ते माहीत झाल्यावर ती चैन वाटत नाही. निदान तुमच्या एकट्याच्या नावावर तरी ते घ्या.

व्हीलचेअर म्हटल्यावर माझाही चेहरा पडला होता. अजून रिटायरमेंटला अवकाश, आणि पोरांपुढे चाकाच्या खुर्चीत! पण पार्क मोठा आहे, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यात गुडघा संपवला तर जिथे खरंच उभं राहायचंय तिथे तो उरत नाही. मी मोठी अंतरं चेअरमध्ये कापली आणि राइडच्या तोंडाशी काठी घेऊन चालले. धाकट्या पुतण्याला चेअर ढकलायचं इतकं वेड लागलं की त्याच्या हातून ती काढून घेताना भावाला आवाज चढवावा लागला. दोन गोष्टी ढकलणाऱ्याला शिकवून ठेवा. तीव्र उतारावर चेअर उलटी, पाठीकडून खाली न्यायची. आणि थांबल्यावर ब्रेक लावल्याशिवाय हात सोडायचा नाही. बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं उभं राहायचं, नाहीतर वाकलेल्या अवस्थेत गुडघा आखडतो.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. उजवा गुडघा दुखतोय तर काठी डाव्या हातात. सिनेमात लंगडणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या हातात धरतो आणि तेच बघून सगळे तसंच धरतात. पायऱ्यांचा नियम आमच्या फिजिओने असा पाठ करून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. मागचे लोक खोळंबतात, खोळंबू देत.

राइडकडे बघायची नजर

राइड भीतीदायक आहे का, हे बघू नका. चार वेगळ्या गोष्टी बघा. आत शिरायचं कसं, पाय कुठे राहतात, मांडीवर काय दाबलं जातं आणि मध्येच बंद पडली तर उतरायचं कसं.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तो मुद्दा कुणाच्या डोक्यात येत नाही. रोलर कोस्टर वर चढताना थांबला तर बाजूच्या अरुंद जिन्यावरून प्रवाशांना चालत खाली आणतात. म्हणून तिथला मुलगा तुमच्या गुडघ्याला पट्टा बघून थांबवतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि पट्टा सलवारीत लपवून तर मुळीच जाऊ नका. तो त्याचं काम नीट करतोय.

पाय अधांतरी राहणाऱ्या राइड गुडघ्याला सगळ्यांत वाईट. इमॅजिकाचा नायट्रो हा पायाखाली फळी नसलेला कोस्टर आहे. वळणावर, उलटं होताना गुडघ्याखालचा पाय मोकळा झोके खातो, आणि तो सगळा हिसका सांध्यावर. उंचावरून सोडून देणाऱ्या आणि लोलकासारख्या झुलणाऱ्या राइडचंही तसंच. डीप स्पेस हा कोस्टर बंदिस्त आणि अंधारातला आहे. पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे अंग आधीच ताठ करता येत नाही. हे सगळे मी सोडले आणि सोडताना वाईट वाटलं नाही. नायट्रोवरून उतरलेल्या भावाचा चेहरा बघण्यातच पैसे वसूल झाले.

आय फॉर इंडियामध्ये मात्र बसले. तिथेही खुर्ची वर उचलली जाते आणि पाय लोंबतात, पण समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपण देशावरून तरंगत जातो, तसा सगळा वेग हळुवार आहे. डाव्या पायाचं पाऊल उजव्या घोट्याखाली घालून दुखऱ्या पायाला खालून टेकू द्यायचा. बघायला साधं वाटतं, पण गुडघ्याखालच्या पायाचं सगळं ओझं चांगल्या पायावर जातं आणि सांधा सैल पडतो. दवाखान्यातल्या उंच टेबलावर बसतानाही मी आता असंच बसते.

अलिबाबाच्या गुहेतून गाडीत बसून नेम धरत जायची राइड बसूनच मजा घेणाऱ्यांसाठी झकास. थोरल्या पुतण्यापेक्षा माझे गुण जास्त आले, याची घरात नोंद घेतली जावी. इथे अवघड काय, तर गाडीत शिरणं. मोटारीसारखंच, आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. घाई करणाऱ्याला ‘एक मिनिट हं दादा’ म्हटलं की तो थांबतो.

बोटीच्या राइडना पायरी खोल असते आणि बोट हलत असते. उतरताना दुखरा पाय आधी, पण त्याच्यावर वजन टाकायच्या आत दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरलेलं हवं. राजासॉरसच्या बोटीत पोरं गेली, मी काठावर थांबले, कारण भिजलेल्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटतं आणि लोखंडी बिजागरीचा पट्टा असेल तर गंजतो. थोरला येऊन सांगायला लागला की आत्या, हा डायनोसॉर खराखुरा आपल्या देशातला आहे, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला. खरंच आहे ते, २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं गेलं. पोरगं पुस्तक उघडत नाही, पण हे बरोबर लक्षात ठेवतं.

एकमेकांवर गाड्या आदळायच्या राइड लहान मुलांच्या म्हणून लोक निर्धास्त बसतात. त्यात गुडघा समोरच्या पत्र्यापासून चार बोटांवर असतो आणि मागून धडक बसली की तो त्याच पत्र्यावर. अजिबात नको. गोल फिरणाऱ्या घोड्यांवर टांग टाकावी लागते, पण त्यांच्यामध्ये बहुधा एखादा बाक किंवा रथ असतो, तिथे बसा.

शेजारचं वॉटर पार्क आणि स्नो पार्क, दोन्हींचं तिकीट काढू नका. घसरगुंडी म्हटली की तिच्या माथ्यापर्यंत ओले जिने आलेच, आणि बर्फावर काठीचा काही उपयोग नाही. यात मधला मार्ग नाही.

आणि जाता जाता, आपल्या जत्रेतल्या पाळण्याबद्दल. मिरजेच्या उरुसात किंवा गावच्या यात्रेत आकाशपाळण्याचा माणूस तुमच्या गुडघ्याची चौकशी करत नाही. पाळणा पुरता थांबायच्या आत तो तुम्हाला आत ढकलतो आणि तसंच बाहेर ओढतो. पार्कात निदान सूचनांची पाटी आणि सीटला पट्टा असतो. गुडघा बरा होईपर्यंत जत्रेत भजी खावीत.

बरोबरच्यांना कामं वाटून द्या

‘आम्ही आहोत की’ म्हणणारे सगळे आत शिरल्यावर राइडच्या दिशेने पळतात. म्हणून आदल्या रात्रीच ठरवून टाका. प्रत्येक राइडला एक मोठं माणूस तुमच्याबरोबर खाली थांबणार, आणि ते दर वेळी बदलणार, म्हणजे कुणा एकाचाच दिवस बुडणार नाही. आमच्याकडे वहिनीचाच नंबर सारखा लागायला लागला, तेव्हा भावाला सरळ सांगितलं, “आता तू बस, तिला जाऊ दे.” ती डीप स्पेसमध्ये जाऊन इतकी खूश होऊन आली की पुढचा तासभर पोरांपेक्षा तीच जास्त बोलत होती.

तुम्ही बसता ती जागा तुम्ही निवडा. सावली, पाठ टेकायला भिंत, समोर पाय पसरायला दुसरी खुर्ची आणि संडास जवळ. उपाहारगृहाची कोपऱ्यातली टेबलं यासाठी उत्तम, पण जेवणाच्या गर्दीआधी, बाराच्या आतच, जाऊन बसा. मग बर्फ. झिपच्या पिशवीत बर्फाचे तुकडे, त्यावर रुमाल, आणि टाच दुसऱ्या खुर्चीवर टेकवून पाय उंच. पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. दुपारी एकदा आणि संध्याकाळी निघायच्या आधी एकदा एवढं केलं तर परतीचा प्रवास सुसह्य होतो.

संध्याकाळ सांभाळा. दिवसभर जपलेला गुडघा पाचनंतर घात करतो, कारण मांडीचे स्नायू थकलेले असतात आणि गुडघ्याला धरून ठेवणारे तेच. त्यात पोरांचं ‘शेवटची एक’ सुरू होतं. पार्कात संध्याकाळी मिरवणूक असेल आणि ती बघायची असेल तर अर्धा तास आधी जागा धरून बसा. ती संपल्यावर सगळे एकदम फाटकाकडे निघतात, तेव्हा तुम्ही निघू नका. गर्दी ओसरू द्या, मग चेअरमधून थेट गाडीपर्यंत जा.

परतल्यावर

रात्री मुक्काम करा आणि सकाळी निघा. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी थोडी सूज, थोडा ताठरपणा असणारच. पाय उंच ठेवणं, बर्फ आणि फिजिओने दिलेले हलके व्यायाम यांनी तो दोन दिवसांत उतरायला हवा. व्यायाम बंद करून नुसतं पडून राहिलात तर गुडघा आणखी आखडतो. दोन दिवसांनंतरही सूज तशीच असेल, गुडघा अडकायला लागला असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून गरम लागतेय आणि दाबल्यावर दुखतेय, तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका. आणि त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखायला लागलं, तर थेट इमर्जन्सीत.

रजेचा अर्ज मात्र निघायच्या आधीच देऊन ठेवा, परतल्यावरच्या एका दिवसाचा. कारण गुडघा दुखतो म्हणून रजा मागायची आणि इमॅजिकाचे फोटो स्टाफच्या ग्रुपवर आधीच पोचलेले, हे आमच्या मुख्याध्यापिकांना समजावणं गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा अवघड आहे.